तुम्ही विचारलंत म्हणून: लेइलानी

"मुलीचं नाव लेइलानी? म्हणजे काय गं?" पुण्याला आले की जिन्यात भेटणारं प्रत्येक माणूस विचारतं. पाठोपाठ, "आपल्यात नावं कमी होती का?" हेही असतंच. तर ऐका.

माझं डोहाळजेवण हवाई बेटांवरच्या होनोलुलूत झालं. आई आणि सासूबाई फोनच्या पडद्यावर. शेजारच्या टूटू (तिकडे आजी-आजोबांना टूटू म्हणतात) मोगऱ्याचा हार घेऊन आल्या. मोगऱ्याला तिथे पिकाके म्हणतात. राजकन्या काइउलानीला मोर आणि मोगरा दोन्ही लाडके, म्हणून 'पीकॉक'चं झालेलं पिकाके फुलालाही चिकटलं. हार गळ्यात आला, पण टोकं मोकळीच. मी गाठ मारायला गेले तर टूटूंनी हात धरला. पोटुशीनं बंद हार घालायचा नाही, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो म्हणे. आईला लगेच पटलं. ग्रहणात सुरी न धरणाऱ्यांतली ती!

त्या हाराला म्हणायचं लेइ. लानी म्हणजे आकाश, स्वर्ग, शिवाय राजघराण्यातलं माणूसही. इंटरनेटवर 'स्वर्गीय पुष्पहार' असा अर्थ सापडतो. चूक नाही, पण साबणाच्या वेष्टनावरचा वाटतो. टूटूंनी सांगितलं ते असं: लेकराला खांद्यावर बसवलं की त्याचे दोन पाय आपल्या छातीवर दोन बाजूंनी लोंबतात ना, तो लेइ. म्हणून लाडक्या मुलालाही लेइ म्हणतात. नवऱ्यानं नाव तिथंच पक्कं केलं.

टूटूंची परवानगी मात्र आधी घेतली. तिथं नाव असं छान वाटलं म्हणून उचलत नाहीत. काही नावं घरातल्या कुणाच्या स्वप्नात येतात, त्यांना इनोआ पो म्हणतात. असं आलेलं नाव टाळलं तर मूल आजारी पडतं, अशी जुनी समजूत. काही नावं प्रसंगावरून पडतात. हवाईच्या शेवटच्या राणी लिलिउओकलानी १८३८ साली जन्मल्या तेव्हा राज्यातल्या बड्या अधिकारी किनाऊ यांचे डोळे दुखत होते. झालं, बाळाची नावं पडली चुरचुर, रडवेली, आग आणि दुखरा डोळा!

खुद्द टूटूंचं हवाईयन नाव कागदावर मधल्या रकान्यात आहे, जिथं आपल्याकडे वडिलांचं असतं. १८६० च्या कायद्यानं पहिलं नाव ख्रिस्ती असणं सक्तीचं केलं होतं आणि ती सक्ती १९६७ पर्यंत राहिली. टूटू त्याआधीच्या. घरात त्यांना त्या पहिल्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

पूर्वी भुताखेतांची नजर लागू नये म्हणून मुलांना मुद्दाम कुरूप, घाणेरडी नावंही देत, असं त्या एकदा म्हणाल्या. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. माझे आजोबा धोंडू. आधीची दोन मुलं गेली, म्हणून हे नाव. टूटूंनी अर्थ विचारला. दगड, म्हटलं.

"पोहाकु," त्या म्हणाल्या. आता येता-जाता फोटोला तशीच हाक मारतात.