आमची वाटचाल : बिळातली टकटक

आमच्या माशांच्या टाक्यांच्या दुकानाची पहिली बारा वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचा आहे तो 2014 चा पावसाळा.

दादरचे डॉक्टरकाका आमचं पहिलं गिऱ्हाईक. तारापोरवाला मत्स्यालयाच्या वाऱ्या करून करून घरी खाऱ्या पाण्याची टाकी हवीच, असा हट्ट धरून बसलेला माणूस. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आम्ही त्यांना कृत्रिम दगडावर टाकी लावून दिली. पलीकडच्या गल्लीतल्या आमच्या 'शुभचिंतकाने' मागच्या दाराने आलेला जिवंत दगड, म्हणजे समुद्रातून जीवांसकट काढलेला प्रवाळाचा दगड, स्वस्तात काकांच्या गळ्यात मारला.

महिन्याभरात गोगलगायी गायब, खेकडे गायब आणि रात्री दगडातून टकटक. शुभचिंतक काकांना म्हणाला, नांगी वाजवणारा साधा पिस्तूल झिंगा आहे, घाबरू नका. बाजारात मात्र सांगत सुटला की कीड आमच्याच पाण्यातून आली. दोन हॉटेलं आणि एका दवाखान्याचं काम हातचं गेलं. तीन महिने दुकानाचं भाडं बायकोच्या पाटल्यांवर निघालं.

शेवटी काकांचाच फोन आला. लाल जिलेटीन लावलेला टॉर्च, भिंग, फूटभर लांब चिमटा आणि सिरिंज घेऊन रात्री अकराला गेलो. नुसत्या आवाजावरून पिस्तूल झिंगा आणि मँटिस श्रिंप (ठोसे मारून शंख फोडणारा झिंग्यासारखा शिकारी) यांतला फरक कळत नाही. बिळाचं तोंड बघायचं. तिथे फुटक्या शंखांचा ढीग होता. दोघांपैकी शंखांचा असा चुरा मँटिस श्रिंपच करतो. दगड बादलीत काढला, बिळात सिरिंजने सोडावॉटर सोडलं. देठावरचे दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत हिरवे महाराज बाहेर! बोट जवळ नेऊ नये, अंगठ्याला टाके पडतात.

जाता जाता : ओळख पटण्याआधी टाकीत तांब्याचं औषध ओतू नका. मासे तगतील, झिंगे आणि गोगलगायी जातील. एप्टेशिया (टाकीत झपाट्याने पसरणारं, डंख मारणारं छोटं समुद्रफूल) दिसला तर कापू नका, तुकड्यातून पुन्हा उगवतो. पंप बंद करून घट्ट कालवलेला चुना सुईने थेट तोंडात सोडा, दिवसाला दोन-तीनच. पानाच्या टपरीवरचा चुना नको.

महाराज पुढे पाच वर्षं आमच्या काउंटरवर वेगळ्या टाकीत पीव्हीसीच्या नळीत राहिले. काका दर रविवारी बाजारातून त्यांच्यासाठी जिवंत तिसऱ्या आणायचे.

परवा शुभचिंतकाने पोऱ्याकरवी बरणीत एक केसाळ किडा पाठवला, हे काय आहे म्हणून. ब्रिसल वर्म. उष्टं-खरकटं खातो, राहू दे, उघड्या हाताने धरू नकोस, एवढं सांगितलं. शंभर रुपये घेतले, रोख.