पुढचा सर्व्हर मुंबईत की बेंगळुरूत? बेळगाव, खानापूर, निपाणीची मोजणी: नोंद ३

घरीच स्वतःचा सर्व्हर चालवायच्या मागच्या दोन नोंदींत घरातली मशीन आणि डिस्का झाल्या. आता घराबाहेरच्या सर्व्हरची जागा. मांडणी तीच आहे. फोटो, दस्तऐवज आणि गिट (कोडच्या आवृत्त्या) सांभाळणारी जड मशीन घरात, आणि तिच्यापुढे सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता) असलेला १ जीबी रॅमचा छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधली भाड्याची आभासी मशीन), वायरगार्डच्या बोगद्याने (कूटबद्ध खासगी जोडणीने) घराशी जोडलेला. आपल्या भागातले बरेच केबलवाले सीजीनॅटच्या मागून, म्हणजे अनेक घरांत एकच सार्वजनिक आयपी वाटून, जोडणी देतात. घरचा पोर्ट बाहेरून उघडतच नाही, म्हणून घराच्या वतीने बाहेरची मागणी घेणारा हा पुढचा सर्व्हर लागतो. तो कुठल्या गावात घ्यायचा, एवढाच या वेळचा प्रश्न.

नकाशावर बेळगावची जागा गमतीची आहे. रस्त्याने मुंबई सुमारे ४९० किमी, बेंगळुरू सुमारे ५००, हैदराबादही साधारण तेवढेच. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला अंदाजे २ लाख किमी जातो. म्हणजे दर १०० किमीला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. या हिशेबाने तिन्ही शहरे ५ मिलिसेकंदांवर. फायबर सरळ टाकलेले नसते म्हणून दीडपट धरा, घरापर्यंतच्या जीपॉनचे (केबलवाल्याच्या फायबर जाळ्याचे) दोन-तीन मिळवा, की १० ते १२ होतात. हा आकडा पायरी म्हणून लिहून ठेवायचा. यापेक्षा बराच जास्त आकडा आला तर दोष अंतराचा नाही, वळशाचा आहे.

वळसा पडतो, कारण पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, महामार्गाने जात नाही. केबलवाला बँडविड्थ कुठून घेतो आणि त्याचा वरचा पुरवठादार दुसऱ्यांना कुठल्या शहरात भेटतो, त्या वाटेने ते जाते. वरची भेट मुंबईत होत असेल तर बेंगळुरूच्या सर्व्हरकडे निघालेले पॅकेट आधी ४९० किमी उत्तरेला चढते, मग मुंबई ते बेंगळुरू सुमारे ९८० किमी उतरते. नुसत्या प्रकाशाच्या वेगानेच १५ मिलिसेकंद, प्रत्यक्षात २५ धरा. तीच वाट चेन्नईमार्गे फिरली तर आणखी सात-आठ वाढतात. आणि सिंगापूरला जाऊन परत आली तर आकडा थेट ७०-८० च्या वर. सरकारदरबारी आपण बेंगळुरूचे, पण पॅकेटच्या दरबारी अनेकदा मुंबईचे. टिळकवाडीतल्या एकाच गल्लीत दोन कंपन्यांच्या लाईन असतील, तर दोघांची उत्तरे उलटी निघू शकतात. म्हणून ‘बेळगावसाठी कुठले शहर चांगले’ याला एक उत्तर नाही. प्रत्येकाने आपल्या लाईनवरूनच मोजायचे.

मोजायची पद्धत ही. मुंबईत ॲमेझॉन, गूगल, अकामाईचे लिनोड आणि व्हल्टर आहेत. बेंगळुरूत डिजिटलओशन आणि व्हल्टर, हैदराबादेत ॲमेझॉन आणि ओरॅकल, पुण्यात मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’. बहुतेकांची चाचणीची पाने असतात, पण त्यांवर विसंबू नका. तासावर पैसे घेणारी सर्वांत लहान मशीन दोन शहरांत दोन दिवस घ्या. खर्च चहा-भजीइतका होतो. काम झाल्यावर मशीन नुसती बंद करू नका, पुसून टाका. डिजिटलओशनवर बंद मशीनचेही पैसे चालू राहतात.

एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक राउटरपर्यंतचा वेळ आणि हानी मोजणारी आज्ञावली) रिपोर्ट मोडमध्ये, दर वेळी १०० पॅकेट, दिवसातून तीनदा: सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९. रात्रीचा आकडाच खरा. आयपीएलच्या दिवसांत तर नक्कीच. सरासरी पाहायची नाही. किमान आणि सर्वांत वाईट यांतला फरक पाहायचा. किमान ११ आणि वाईट १४ असलेली लाईन ही किमान ८ आणि वाईट ९० असलेल्या लाईनपेक्षा दसपट बरी. मधल्या एखाद्या राउटरवर ६० टक्के पॅकेट हरवलेली दिसली आणि शेवटच्या ओळीत शून्य असेल, तर दुर्लक्ष करा. तो राउटर पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतो, पॅकेट पुढे नीट पाठवतो. हानी ज्या ओळीपासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकते, तीच खरी.

आणि हे नेहमी राहून जाते: एमटीआर फक्त जाण्याची वाट दाखवतो. परतीची वाट वेगळी असू शकते. व्हीपीएसवरूनही घराच्या दिशेने तोच रिपोर्ट काढा. सीजीनॅटमुळे घरापर्यंत पोचणार नाही, पण केबलवाल्याच्या बाहेरच्या आयपीपर्यंतची शहरे कळतात. राउटरच्या नावांत ‘बॉम’, ‘एमयूएम’, ‘बीएलआर’, ‘सीएचएन’ अशा खुणा असतात. त्यांवरून वाट वाचता येते.

आता अंतर इतके का छळते. नवी सुरक्षित जोडणी उघडताना टीसीपीची (जोडणी जुळवायची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (कूटबद्धीकरण ठरवायची) एक आणि मागणी-उत्तराची एक, अशा तीन फेऱ्या होतात. १५ मिलिसेकंदांवर ४५, जर्मनीच्या १५० वर ४५०. पान उघडायला अर्धा सेकंद चालून जाईल. मोठ्या फाइलीला मात्र दुखणे वेगळे. हजारात एक पॅकेट हरवणारी लाईन घ्या. नेहमीच्या टीसीपीच्या जुन्या ढोबळ सूत्राने (पॅकेटचा आकार भागिले फेरीचा वेळ, गुणिले १.२२, भागिले हानीचे वर्गमूळ) एक जोडणी १५ मिलिसेकंदांवर सुमारे २९ एमबीपीएस देते आणि १५० वर जेमतेम ३. लाईन तीच, हानी तीच, फक्त सर्व्हर लांब गेला. पावसात हवेतून ओढलेल्या फायबरवर ०.१ टक्का हानी ही काही मोठी गोष्ट नाही. लांबचा सर्व्हर घ्यायचाच असेल तर पाठवणाऱ्या बाजूला, म्हणजे घरच्या लिनक्सवर, बीबीआर (टीसीपीचा वेग ठरवायची वेगळी पद्धत) चालू करा आणि पॅकेटच्या रांगेची शिस्त ‘एफक्यू’ ठेवा. बीबीआर तुरळक हानीला घाबरून वेग पाडत नाही.

बोगद्याचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार): वायरगार्ड ८० बाइट खातो, म्हणून १५०० वरून १४२०. पण पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडली जाणारी) लाईनवर मूळ आकडाच १४९२ असतो, तेव्हा दोन्ही टोकांना १४१२ लिहा. नाही लिहिला तर लक्षण ठरलेले आहे: लहान पाने उघडतात, एसएसएचने (दुरून आज्ञा द्यायच्या जोडणीने) लॉगिन होते, पण फोटो चढवताना सगळे गप्प. सीजीनॅटने जोडणी विसरू नये म्हणून घरच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारे रिकामे पॅकेट) दर २५ सेकंदांनी. आणि घरातल्या घरात फोटो पाहताना पॅकेट मुंबईला जाऊन परत यायला नको, म्हणून घरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) सर्व्हरचे तेच नाव १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या घरातल्या पत्त्याकडे वळवा.

पैशांत फसगत मशीनच्या भाड्यात होत नाही, बाहेर जाणाऱ्या डेटात होते. ॲमेझॉनच्या मुंबईत महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला सुमारे ११ सेंट, शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्याचे तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. ५०० जीबी बाहेर गेला तर डेटाचेच ४४ डॉलर. डिजिटलओशनच्या ६ डॉलरच्या मशीनमध्ये १,००० जीबी आधीच धरलेला असतो. फोटोवाल्यांनी एवढा एकच फरक पाहून निर्णय घेतला तरी चालेल. वर १८ टक्के जीएसटी धरा. परदेशी कंपनीकडे कार्डातून आपोआप पैसे कापले जातीलच असे नाही, आणि बिल थकले की मशीन गोठते. आगाऊ रक्कम भरायची सोय असेल तर सहा महिन्यांची भरा. ओरॅकलचे फुकट खाते घेणाऱ्यांनी ‘होम रीजन’ (खात्याची मूळ जागा) निवडताना दोनदा विचार करावा. तो नंतर बदलत नाही. कोणी केवायसी मागितली तर दचकू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाची माहिती पाच वर्षे ठेवावी लागते.

घरातल्या डेटाची दुसरी प्रत (बॅकअप) कुठे? इथे अंतराचा निकष उलटा होतो. पुढचा सर्व्हर जवळ हवा, प्रत वेगळ्या संकटाच्या गावात हवी. मुंबईला २६ जुलै २००५ आठवत असेल, चेन्नईला डिसेंबर २०१५. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेच्या पुराने निपाणीजवळ महामार्ग बंद पडला होता, आणि बरीचशी फायबर त्याच महामार्गाच्या कडेने जाते. निपाणी-चिकोडीकडच्यांनी पुढचा सर्व्हर मुंबईत आणि प्रतही मुंबईत ठेवली, तर उत्तरेची वाट तुटली की दोन्ही गेले. प्रत बेंगळुरू किंवा हैदराबादेत ठेवा. भूकंपाच्या २०१६ च्या मानकात ही दोन्ही शहरे क्षेत्र २ मध्ये, मुंबई-पुणे ३ मध्ये. युरोप स्वस्त पडतो, पण तिकडच्या बऱ्याच केबल तांबड्या समुद्रातून जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा हे दिसले. रात्री चालणाऱ्या प्रतीला तेवढे चालते. पहिली भर मात्र जड: ८०० जीबी, ४० एमबीपीएसने, अखंड ४४ तास. त्या काळात आरसिंकला (प्रत पाठवणाऱ्या आज्ञावलीला) वेगाची मर्यादा घाला, नाहीतर घरचे लोक तक्रार घेऊन उभे.

‘इथली हवा थंड, मग रॅक बेळगावातच का नको’ असे कोणीतरी दर वेळी विचारतो. डेटा सेंटर हवेसाठी वसत नाहीत. दोन स्वतंत्र वीजमार्ग, अनेक कंपन्यांची फायबर आणि ग्राहक जिथे असतात, तिथे वसतात. म्हणून नवी मुंबईतले ऐरोली-महापे. टियर ३ दर्जाचे डेटा सेंटर म्हणजे वर्षाला सुमारे १.६ तास बंद. आपल्याकडे वळवाच्या एका संध्याकाळी करंट त्याहून जास्त वेळ जातो.

त्यावरून घरच्या टोकाचे. ओएनटी (फायबर घरात येते ती पेटी) आणि राउटर मिळून २० वॉटच्या आत असतात, १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. करंट गेल्यावर ओएनटीवर एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर तुमचा यूपीएस निरुपयोगी, कारण केबलवाल्याच्या पेटीतली बॅटरी मेली आहे. लाल दिवा नाही आणि तरी इंटरनेट नाही, तर खोट वरच्या पुरवठादाराकडे. ओएनटीच्या पानावर येणारा प्रकाश उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीच्या मापाच्या) दरम्यान हवा. उणे २७ ला जोडणी सुटायला लागते. खानापूर-जांबोटीकडे जूनमध्ये हा आकडा आठवड्याला लिहून ठेवा. सांध्यात पाणी शिरले की तो हळूहळू घसरतो, आणि घसरण कागदावर असली की केबलवाला वाद घालत नाही.

आतापर्यंतचा निर्णय: ज्यांच्या लाईनची वाट मुंबईला भेटते त्यांचा पुढचा सर्व्हर मुंबईत, प्रत बेंगळुरूत. ज्यांची बेंगळुरूत भेटते त्यांचा पुढचा बेंगळुरूत, प्रत हैदराबादेत. बाकी आहे ती आयपीव्ही६ ची (नव्या, मुबलक पत्त्यांच्या पद्धतीची) मोजणी. जिथे घराला खरा आयपीव्ही६ मिळतो आणि राउटर आत येणारी जोडणी सोडतो, तिथे पुढचा सर्व्हर फक्त जुन्या आयपीव्ही४ वाल्या पाहुण्यांसाठी उरेल. पुढच्या नोंदीत शहापूर आणि संकेश्वरच्या लाईनवरून दोन्ही मार्गांचे रात्री ९ चे रिपोर्ट शेजारी-शेजारी.