गटारवाले समाजवादी

अमेरिकेतल्या सोशलिस्ट पार्टीबद्दल वाचत होतो, त्यात मधेच 'सीवर सोशलिस्ट', म्हणजे गटारवाले समाजवादी, आलं, आणि लिहिणाऱ्याने पुढे एका अक्षराचा खुलासा नाही केला, जसं काय आम्हा सगळ्यांना पाळण्यातच शिकवलंय. शोधत गेलो तर ही सगळी भानगड मिलवॉकीची निघाली. विस्कॉन्सिनमधलं गाव, जर्मन वस्ती, बिअरचे कारखाने. तिथे १९१० ला एमिल सायडेल मेयर झाला, मग डॅनियल होन १९१६ ते १९४० सलग, आणि १९४८ ते १९६० फ्रँक झायडलर. तिघंही सोशलिस्ट, तेही अमेरिकेत! मला अजून पचत नाहीये.

आणि 'सीवर सोशलिस्ट' हा यांनाच मारलेला टोमणा, तोही विरोधकांचा नाही, घरचाच आहे. १९३२ चं पार्टीचं अधिवेशन, तेही मिलवॉकीतच. पार्टीचा अध्यक्ष होता न्यूयॉर्कचा वकील मॉरिस हिलक्विट, त्याला काढून होनला बसवायचं काही जणांच्या मनात होतं, आणि त्या भांडणात हिलक्विटने मिलवॉकीवाल्यांना हे नाव चिकटवलं असं सांगतात. म्हणजे क्रांतीचं बघा, गटारं कसली बांधताय, असा सूर. खुर्ची हिलक्विटकडेच राहिली.

पण गटारं काय होती तेही बघा ना. गावाची घाण नद्यांमधून लेक मिशिगनमध्ये जायची आणि प्यायचं पाणी त्याच लेकमधून यायचं, मग टायफॉइड येणारच. होनच्या काळात जोन्स आयलंडवर मैलापाण्याचा प्लांट उभा राहिला, उरलेला गाळ वाळवून १९२६ पासून खत म्हणून विकायला लागले, मिलॉर्गनाइट नावाने, आजही मिळतं. आता याला चिल्लर काम म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. आपल्या मृणाल गोरेंना 'पाणीवाली बाई' म्हणायचे, त्याही समाजवादीच, पण ते नाव लोकांनी मायेने दिलेलं, कुणी पक्षातल्याने हिणवायला नाही.

मिलवॉकीवाल्यांनी शिवी मिरवलीच म्हणा. सायडेलने नंतर लिहिलंय, होय, कामगारांच्या घरात गटारं आम्हाला हवीच होती, पण हवं होतं त्याहून कितीतरी जास्त.

हिलक्विट स्वतः न्यूयॉर्कच्या मेयरपदाला दोनदा उभा राहिला, १९१७ ला आणि नेमका १९३२ ला, दोन्ही वेळा पडला.