कवडी बर्फ

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला मोकळा वेळ मिळतो तो चातुर्मासात, पण तेव्हा आमच्याकडे पाऊस नाहीतर सणवार, त्यामुळे फिरायला म्हणून उरतात ते दसरा ते दिवाळी असे मोजून वीस दिवस. एकदा का तुळशीचं लग्न लागलं की मग कोणाची हळद, कोणाचं रिसेप्शन, जेवायलाही फुरसत नसते. म्हणून ठरवलं होतं, दसऱ्याला सोनं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी निघायचं, अन्नपूर्णा बेस कॅम्प, नेपाळ. मावसभाऊ लगेच तयार झाला, त्याचं दुकान तसंही काकाच चालवतात. आईला सांगितलं तेव्हा ती वेचणीच्या बायांचा हिशोब करत बसलेली, मान वर न करताच म्हणाली, "कसाले जास तठे? आठे डोंगर नही का?" ओट्यावरून समोर सातपुडा दिसत असताना याला उत्तर काय देणार, मी गप बॅग भरायला घेतली.

नेपाळ म्हणजे काय परदेश का, असं दोन-तीन मित्रांनी ऐकवलंच. असू दे. भुसावळला कुशीनगर एक्स्प्रेस पकडली, दुसऱ्या दिवशी गोरखपूर, तिथून सीमेवरचं सुनौली. कमान ओलांडली की घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं आणि आपल्या १०० रुपयांचे १६० होतात, एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटतं (चहाचा रेट विचारेपर्यंत). व्हिसा लागत नाही, वोटर कार्ड चालतं. पुढे पोखऱ्यापर्यंत दिवसभर बस, घाट असा की मावसभावाने शेवभाजीचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांच्याकडे तेव्हा दशैं चालू होता, म्हणजे आपलाच दसरा पण पंधरा दिवसांचा, कंडक्टरपासून परमिट देणाऱ्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या कपाळावर तांदूळ-कुंकवाचा हा मोठा टिळा. आमचा पोर्टर मला 'दाइ' म्हणायचा, म्हणजे मोठा भाऊ. आपल्याकडे दाई म्हणजे बाळंतपण करणारी, मावसभाऊ दोन दिवस त्यावरच हसत होता.

कोजागिरी छोम्रोंगला झाली. हे गाव २१७० मीटरवर, म्हणजे आपलं कळसूबाई (१६४६) केव्हाच खाली राहिलेलं, आणि खरा ट्रेक तर अजून सुरूच झालेला नव्हता. टी-हाउसच्या, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या लॉजच्या, दिदीकडून गरम दूध घेतलं, आईने पुडीत बांधून दिलेला दुधाचा मसाला टाकला, आणि अंगणात बसलो तर समोर अन्नपूर्णा साउथ चांदण्यात उभी. त्या रात्रीचे फोटो मात्र सगळे हललेत. ट्रायपॉड लाकडी फळ्यांवर लावला होता आणि त्याच फळ्यांवरून भाऊसाहेब कप घेऊन फेऱ्या मारत होते.

चालण्याबद्दल फार लिहीत नाही. पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. छोम्रोंगला कमावलेली सगळी उंची नदीपर्यंत उतरून खर्च करायची आणि पुन्हा सिनुवापर्यंत चढून तेवढीच कमवायची, एकदम कापसाच्या शेतीसारखं. सिनुवाच्या पुढे मांस नेत नाहीत, तो भाग तिथले लोक पवित्र मानतात, त्यामुळे तीन दिवस डाळभात. देउरालीच्या पुढे वरून बर्फ-दरड यायची भीती, म्हणून तो टप्पा पहाटे पहाटे उरकला. माछापुच्छ्रे बेस कॅम्प ३७००, आणि दुपारपर्यंत अन्नपूर्णा बेस कॅम्प, ४१३० मीटर. डोकं जड, भूक गायब, पण पोचलो.

आता फोटोंचं सांगतो, कारण घोळ तिथेच झाला.

बेस कॅम्प म्हणजे एक भलीमोठी परात समजा आणि आपण तिच्या तळाशी. पूर्वेला माछापुच्छ्रे, ६९९३ मीटर, यावर चढायला बंदी आहे, १९५७ साली एक ब्रिटिश टीम अगदी शिखराजवळून मागे फिरली होती. पश्चिमेकडे अन्नपूर्णा साउथ आणि उत्तरेला खुद्द अन्नपूर्णा, ८०९१ मीटर, तिची दक्षिणेची भिंत आपल्या अगदी अंगावर येते. १९५० मध्ये फ्रेंच लोक वर गेले ते पलीकडून, उत्तरेच्या बाजूने. या भिंतीवरून पहिल्यांदा चढाई झाली ती १९७० साली, आणि खाली उभं राहून बघितलं की त्या २० वर्षांचं काही नवल वाटत नाही.

संध्याकाळचा शेवटचा उजेड माछापुच्छ्रेला मिळतो, हे मला माहीत होतं. तरी काय केलं, तर थंडी वाजली म्हणून कॅमेरा गळ्यात घालून तसाच डायनिंग हॉलमध्ये शिरलो. आत पंचवीस-तीस माणसं, चहा-सूपच्या वाफा. दहा मिनिटांत कोणीतरी ओरडलं, बाहेर पळालो, शिखर गुलाबी झालेलं, आणि कॅमेऱ्यातून बघतो तर सगळं दुधाळ. गार लेन्स गरम दमट हवेत नेली की तिच्यावर वाफ धरणारच, हे मी स्वतः एसी हॉलमधून बाहेर येताना शंभर वेळा भोगलंय, फक्त उलट्या दिशेने. गळ्यातल्या रुमालाने पुसतोय, परत धरतंय, पुसतोय, परत धरतंय, तेवढ्यात गुलाबी संपलं. कॅमेरा आत नेण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, मग वाफ पिशवीवर धरते. पिशवी होती हो माझ्याकडे, तिच्यात मावसभावाचे ओले मोजे होते.

रात्री तिन्ही बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपलो, थंडीत त्या लवकर बसतात. पहाटे उठलो तर चंद्र अजून होता आणि बर्फावर एवढं चांदणं की टॉर्च लागला नाही. मग अन्नपूर्णेच्या टोकाला पहिलं ऊन लागलं, आम्ही खाली गार सावलीत. वाइड लेन्स लावली तर आठ हजार मीटरचा डोंगर वारुळाएवढा दिसायला लागला, म्हणून लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स चढवली. ऊन खाली उतरत उतरत सगळी भिंत पांढरीफेक झाली, क्लिक केलं, स्क्रीनवर बघितलं आणि हसायलाच आलं. बर्फ राखाडी.

हा रंग माझ्या ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी धरणगावकडच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, फोटो काढायला गेलो होतो, कॅलेंडरसाठी. नोव्हेंबरचं दुपारचं ऊन, आवारात कापसाचे दोन माणूस उंच ढीग, मी ऑटोवर धडाधड काढत सुटलो. शेठनी स्क्रीन बघितली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "भाऊ, हा माझा माल आहे? अशी कवडी दिसली तर दारात गाडी उभी राहील का?" कवडी म्हणजे डागी, खराब कापूस. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत कापूस कशाला म्हणतात, त्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं वाटतं, पांढरं जास्त आलं की तो घाबरून उजेड कमी करतो. शेठनी मूठभर कापूस उचलून माझ्या तळहातावर ठेवला, म्हणाले, हा रंग येईपर्यंत काढा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वर नेलं तेव्हा कुठे माल पास झाला.

तर अन्नपूर्णेसमोर उभं राहून तेच केलं. डायल वर, एक, सव्वा, दीडला उन्हातलं टोक फाटायला, म्हणजे नुसतंच पांढरं व्हायला लागलं म्हणून परत सव्वावर. सावलीतला बर्फ निळसर आला, तो तसाच ठेवला, कारण डोळ्यालाही तसाच दिसत होता. शेजारी एक जण मोठा ट्रायपॉड, फिल्टर वगैरे लावून उभा होता, त्याने माझी स्क्रीन बघून सेटिंग विचारली. मी सांगितलं, कॉटन सेटिंग. त्याने मेनूत शोधलं पण.

खाली उतरून नेट आलं तेव्हा तोच फोटो शेठना व्हॉट्सअॅपवर टाकला, खाली लिहिलं, 'आपला माल'. निळ्या खुणा झाल्या, बराच वेळ काही नाही. गर्दीत आम्ही पोखऱ्याच्या बसमध्ये जागा पकडत होतो तेव्हा रिप्लाय आला.

'माल एक नंबर. ओलावा किती?'