नागिणीचं तोंड आणि शेपूट

आत्याला नागीण झाली मागच्या पावसाळ्यात. डाव्या बाजूला पाठीपासून छातीखालपर्यंत लाल पट्टा आणि त्यावर पाण्याचे फोड. शेजारच्या काकूंनी पहिलं काय विचारलं तर, तोंड कुठवर आलंय? नागिणीचं तोंड शेपटीला भेटलं की माणूस वाचत नाही म्हणतात ना आपल्याकडे. आत्या रोज आरशात बघायची किती पुढे सरकली ते. त्या भीतीत आणि दुर्वा-तांदळाच्या लेपात सहा दिवस गेले आणि नेमके तेच दिवस महत्त्वाचे होते, कारण व्हायरसवरच्या गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो.

तोंड आणि शेपूट भेटायची भीती मुळातच चुकीची आहे. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच व्हायरस. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींमध्ये दडून राहतो, पन्नास-साठ वर्षंसुद्धा, आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी पडली की एखाद्या नसेवरून कातडीपर्यंत येतो. त्या नसेचा इलाका शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेपाशीच थांबतो. जुना दडलेला व्हायरसच परत उठतो हे एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरने १९६५ मध्ये मांडलं, आपल्याच पेशंटच्या वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींवरून. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

फोड तीन आठवड्यांत सुकले पण दुखणं गेलं नाही. ब्लाउजची शिवण नुसती लागली तरी चटका बसायचा, रात्री पंख्याचं वारंसुद्धा नको व्हायचं. घरात सगळे म्हणायचे, आता तर काही दिसतही नाही, मग दुखतंय काय? अहो, दिसणार कसं, जखम नसेला झालेली असते. दुखावलेली नस कारण नसताना मेंदूला सिग्नल पाठवत राहते आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून पोचतो. साध्या पेनकिलरने याला फारसं काही होत नाही, म्हणून गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. यातली पहिली दोन फिट्सवर वापरतात, तिसरं डिप्रेशनवर, हे वाचून आत्या इतकी घाबरली की चार दिवस गोळीच घेतली नाही! ती नस शांत करायची गोळी आहे हे तिला आधीच कुणीतरी नीट सांगायला हवं होतं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस द्यायला लागले तेव्हा नियम होता की २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळणार, त्याआधीच्यांना कधीच नाही. म्हणजे आठवड्याच्या फरकाने जन्मलेली माणसं, बाकी सगळं सारखं, पण एका गटात जवळपास कुणालाच लस नाही आणि दुसऱ्यात साधारण निम्म्यांना मिळालेली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पास्कल गेल्डसेटझर यांच्या टीमने या नोंदी तपासल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पेपर आला, की लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या सात वर्षांत डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणातला स्मृतिभ्रंश, साधारण एक पंचमांशाने कमी दिसला, बायकांमध्ये फायदा जास्त. का होतं हे अजून नक्की कळलेलं नाही, आणि ती जुनी, जिवंत व्हायरसची लस होती. पण लस घेणारे मुळातच तब्येतीला जपणारे असतात म्हणून असं दिसतं, हा नेहमीचा आक्षेप इथे बराचसा गळून पडतो आणि म्हणूनच मला हा अभ्यास इतका भारी वाटला.

आपल्याकडे २०२३ पासून मिळते ती शिंग्रिक्स, वेगळी लस, जिवंत व्हायरस नसलेली, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. ट्रायलमध्ये नागीण टाळण्यात ती ९० टक्क्यांहून जास्त प्रभावी ठरली, सत्तरीच्या पुढेसुद्धा. स्वस्त नाहीये, दोन डोस म्हणजे घरात बसून हिशोब करावाच लागतो आणि पेन्शनवर जगणाऱ्यांना ती अजिबात परवडत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आईचा पहिला डोस मागच्या महिन्यात झाला. दोन दिवस दंड दुखला, थोडी कणकण होती. दुसरा दोन ते सहा महिन्यांत घ्यायचाय, आणि आत्याही आता डॉक्टरांना विचारून घेणार आहे, कारण नागीण एकदा झाली म्हणजे परत होत नाही असं नसतं.