ओ भाऊ, कितीचं टाकू?

आजीला सध्या चायनीज सिरियलचं वेड लागलंय. हिंदीत डब केलेल्या, चाळीस-चाळीस एपिसोडच्या. मीच एकदा लावून दिली, भाजी निवडताना टाइमपास म्हणून, आणि आता मी ऑफिसातून यायच्या आत बाईंचे तीन एपिसोड झालेले असतात. सध्याच्या सिरियलमध्ये हिरॉइन पुरुष बनून बादशहाच्या फौजेत सरदार झालीये, दरबारात एक वजीर वाईट आहे, एक राजमाता त्याहून वाईट आहे, आणि हिरॉइनचा पुरुषी वेष म्हणजे काय तर केस वर बांधलेत, बाकी लिपस्टिक जागच्या जागी. आजीचं रोज एकच. "कुण्णालाच कळत नाही होय गं? आंधळे आहेत का मेले?"

मी पण हसायचे आधी. मग मूलानचं, म्हणजे पुरुष बनून लढाईला गेलेल्या त्या चिनी पोरीचं, मूळ गाणं वाचलं (भाषांतर हो, चिनी मला कुठली यायला). एवढंसं आहे, सगळं मिळून तीनशेच्या वर थोडी अक्षरं. उत्तर वेई राजवटीतलं समजतात, म्हणजे ३८६ ते ५३४ मधलं कधीतरी. खानाची, म्हणजे तिथल्या राजाची, फौजभरतीची यादी येते, प्रत्येक यादीत बापाचं नाव, बाप म्हातारा, मोठा भाऊ नाही, म्हणून ही जाते. जायच्या आधी खरेदी, पूर्वेच्या बाजारातून घोडा, पश्चिमेच्या बाजारातून खोगीर, दक्षिणेकडून लगाम, उत्तरेकडून चाबूक. आपण लग्नाच्या खरेदीला तुळशीबाग, लक्ष्मी रोड, रविवार पेठ करत फिरतो अगदी तस्सं. खरेदीवर एवढ्या ओळी घालवल्यात आणि बारा वर्षांची लढाई मात्र चार-सहा ओळींत उरकलीये! छाती कशी बांधली, आंघोळीला कुठे जायची, आवाज कसा काढायची, एक शब्द नाही. शेवटी फक्त ससे येतात. नर सशाचे पाय चुळबुळतात, मादीचे डोळे मिटमिटतात, पण दोघं शेजारी शेजारी पळायला लागले की कोण कुठला ते सांग बघू.

हे वाचलं तेव्हा मला पेट्रोल पंप आठवला.

जुलैमधली गोष्ट. माझी स्कूटी गॅरेजला होती म्हणून भावाची बुलेट घेऊन गेले होते हिंजवडीला, येताना साडेदहा झाले, धो धो पाऊस, अंगात त्याचाच ढगळा रेनकोट, फुल फेस हेल्मेट, ग्लोव्ह्ज. एरवी स्कूटीवर मी स्कार्फ गुंडाळून असते, पुण्यातल्या निम्म्या पोरींसारखी, डोळे सोडून काही दिसत नाही, तरी मागचा हॉर्न मारतोच आणि शेजारून जाताना वळून बघतोच, कारण स्कार्फ म्हणजे बाई हे ठरलेलं आहे. त्या रात्री एकाने हॉर्न मारला नाही. वाकडच्या सिग्नलला एक रिक्षावाला चक्क बाजूला सरकला. आणि पंपावर पोऱ्या म्हणाला, "ओ भाऊ, कितीचं टाकू?"

मी बोललेच नाही. पाच बोटं दाखवली. पाचशेचं टाकलं त्याने, यूपीआय केलं, मान हलवली, निघाले. गप्प का बसले माहितीये? आवाज निघाला असता तर संपलं असतं सगळं, आणि मला अजून सात-आठ किलोमीटर भाऊच राहायचं होतं. त्या पोऱ्याने माझ्याकडे बघितलंच नव्हतं, त्याने बुलेट बघितली. मूलानच्या सोबत्यांनी बारा वर्षं चिलखत बघितलं असणार.

पण दरबारात हे चालणार नाही असं मला वाटतं. छावणीत सगळे दमलेले, भुकेले, आपापल्या जिवाला सांभाळणारे, दुसऱ्याकडे निरखून बघायला वेळ कोणाला. दरबारात तर बघणं हाच धंदा. कोण कोणाशी बोललं, कोणाचा हात थरथरला, सगळ्याची किंमत येते. सिरियलवाल्यांना हे बरोब्बर कळलंय, हिरॉइनचं बिंग राजमातेला दुसऱ्याच एपिसोडात कळलेलं असतं पण ती जपून ठेवते, कधी वापरायचं ते बघत. गाण्यातली मूलान तर दरबारात थांबतच नाही. खान मोठं पद देऊ करतो, ती म्हणते नको, एक वेगवान जनावर द्या, घरी जाते. मला आधी तो विनय वाटला होता. आता शहाणपणा वाटतो.

आणि न ओळखण्याचं म्हणाल तर आपल्या पुण्यात उलटं झालंय की. पानिपतात १७६१ ला सदाशिवरावभाऊ गेले आणि मग तोतया उभा राहिला, मीच भाऊसाहेब म्हणून. त्याला काय थोडेथोडके लोक मिळाले? तुरुंगातून सुटून कोकणात फौज जमवली त्याने, १७७६ मध्ये देहदंड होईपर्यंत पेशवाईला घोर लावला. लोकांना भाऊसाहेब परत हवे होते, मग चेहरा थोडा इकडेतिकडे असला तरी चालवून घेतलं.

हे सगळं मी आजीला जोरात सांगितलं. तिचं माहेर तळेगावचं, त्यामुळे उत्तर तयार. "आमच्या उमाबाईंनी कुठे मिशा लावल्या होत्या?"

खरंय. तळेगावच्या उमाबाई दाभाडे १७३२ ला अहमदाबादवर फौज घेऊन गेल्या त्या उमाबाई म्हणूनच. नवरा सेनापती होता, तो गेला, मुलगा त्रिंबकराव डभोईच्या लढाईत पडला, मग धाकट्या यशवंतरावाच्या नावाने पद आलं आणि कारभार बाईंचा. मी म्हटलं, आजी, त्यांच्या घरात सेनापतीपद होतं गं, मूलानच्या घरात हातमाग होता. साध्या घरच्या पोरीला कोण फौज देणार? आजी गप्प बसली, म्हणजे पटलं असं नाही, एपिसोड सुरू झाला होता.

त्यात भर दरबारात हिरॉइनचा मुकुट पडला, केस मोकळे सुटले, स्लो मोशनमध्ये, वारा कुठून आला देव जाणे. गाण्यात असं काही नाही. ती घरी येते, आपल्या खोलीचं दार उघडते, लढाईचे कपडे काढते, जुने कपडे घालते, खिडकीशी बसून केस विंचरते, आणि मग स्वतःच बाहेर सोबत्यांसमोर जाते. ते अवाक्. तिकडे धाकटा भाऊ डुक्कर कापायला सुरी परजतोय, पाहुणचाराची गडबड.

त्या रात्री मी घरी आले तेव्हा आजी जागी होती. मी दारात हेल्मेट काढलं, केस चपटे, कपाळावर वळ. ती म्हणाली, "रेनकोट बाथरूममध्ये टाक, इथे चिखल करू नकोस. पिठलं गरम करते."