पाचर

माझी गाडी बाजूने बघितली तर सुताराने ओंडक्यात ठोकलेली पाचर वाटते. नाकाशी चपटी, मागे उंच, आणि शेपटाच्या जागी करवत फिरवल्यासारखी. ट्रायम्फ टीआर७ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७९ची. इंग्रजही तिला पाचरच म्हणतात, पण चांगल्या चाललेल्या कामात पाचर मारणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. ट्रायम्फच्या देखण्या, उघड्या टपाच्या घराण्यात ही १९७५ साली जन्मली ती बंद छपराची. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी हूल उठली होती. बंदी आलीच नाही. छप्पर उघडणारी टीआर७ येईपर्यंत चार वर्षं गेली आणि तोवर लोकांनी नाकं मुरडून घेतली होती. त्यात लिव्हरपूलचा स्पीक कारखाना संपांनी गाजला आणि १९७८मध्ये बंदच पडला. मग ती कॉव्हेंट्रीला बनू लागली. माझी तिथली.

मी ती रोज चालवतो. ऑफिस, भाजी, मुलीचा पोहण्याचा क्लास. इथे इंग्लंडमध्ये चाळिशी ओलांडलेल्या, फारसे फेरफार न केलेल्या गाडीला रोड टॅक्स पडत नाही, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तपासणी मी तरीही करून घेतो. ब्रेक ठीक आहेत हे माझं मलाच सांगून भागत नाही.

खरं कौतुक इंजिनाचं. त्याचा पाण्याचा पंप वरच्या अंगाला बसवलाय. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जरा उतरलं की पंप कोरडा, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील, जाते. हेड, म्हणजे तो वरचा भाग, काढायला जावं तर त्याचे तिरके स्टड (बोल्टसारखे दांडे) गंजून असे चिकटतात, की मेकॅनिक पाना उचलण्याआधी चहा मागतो. म्हणून रोज सकाळी ऑफिसच्या कपड्यांत मी बॉनेटखाली डोकावतो, आणि रस्त्यावर तापमानाच्या काट्याकडे एक डोळा ठेवून चालवतो. गॅसवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत गेलेल्या माणसाची जी अवस्था, तीच.

लोक थांबून फोटो काढतात ते जॅग्वार ई-टाइपसारख्या देखण्या जुन्या गाडीचे. माझ्या गाडीपाशी एकदाच एक आजोबा थांबले. मी पेट्रोल भरत होतो (महागडं, कमी इथेनॉलचं ई५; नेहमीच्या ई१०मधलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही). "माझ्याकडे होती ही," म्हणाले. मी खूश. "विकली त्या दिवशी बायकोने केक आणला होता."

ओळखीतल्या एकाकडे ई-टाइप आहे. ती बहुतेक वेळ खोळीखाली असते. ढग दिसला की तो घड्याळाऐवजी आकाशाकडे बघतो. माझ्या डिकीत बटाट्याची गोणी जाते. चौकड्याच्या स्कॉटिश सीटवर मुलीचा ओला टॉवेल वाळतो. मागे एका ट्रॉलीने दाराला ओरखडा काढला, तर मी बोटाने पुसून बघितला आणि भाजी आत टाकली. भाव चढेल म्हणून जपावी अशी ती नाहीच. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते मात्र जिवावर येतं. शनिवारी गारठ्यात पाइप घेऊन चाकांच्या कमानी धुतो तेव्हा शेजारी पडद्याआडून बघतात.

आणि डोळे. दिवे नाकातून वर येतात, प्रत्येकाला आपली वेगळी मोटर. आधीच्या कुणा मालकाने चिकटपट्टीने केलेली वायरिंगची जोडणी दमट हवेत रुसते. मग एकच दिवा उठतो आणि गाडी समोरच्याला डोळा मारते. उपाय सोपा: मोटरवर एक गोल मूठ असते, ती हाताने पिळायची. परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये, संध्याकाळी साडेचारच्या अंधारात, भर पावसात मी ती पिळत होतो. शेजारच्या इलेक्ट्रिक गाडीतून एक सहकारी उतरली. "काही मदत करू?" म्हटलं, छत्री धराल का? तिने धरली. डावा दिवा कुरकुरत वर आला. आम्ही दोघांनी हुश्श केलं.

तेवढ्यात उजवा मिटला.